वाफोबाचा सवाल

"पार्वतीबाई, चला. गाडी सुटायची वेळ झाली."

भर दुपारी, घरात एकही गडीमाणूस नसताना भरदार पुरुषी आवाजात कुणी असं म्हणालं, तेव्हा पार्वतीबाईच्या हातातलं निवडायच्या तांदळाचं ताट कलंडता कलंडता राहिलं. तिनं आधी दाराकडे पाहिलं, सवयीनं पदर डोक्यावर ओढला, आणि मग तिला कळलं की आवाज टीव्हीतून आला. पडद्यावर एक काळंकुळकुळीत कोळशाचं इंजिन उभं होतं. त्याला बशीएवढे डोळे होते, वाफेच्या पांढऱ्या मिशा होत्या, आणि ते तिच्याकडेच बघून राहिलं होतं. इंजिन बोललं याचं तिला काही वाटलं नाही. टीव्हीत साबण बोलतो, डास बोलतात, मग इंजिनानंच कुणाचं घोडं मारलंय? धस्स झालं ते नावामुळे. माहेरी ती पारी होती. जवळा बाजारच्या शिवारातल्या घरात लग्न होऊन आली तशी सूनबाई झाली, पाठची जाऊ आल्यावर थोरली झाली, मग हिंगोलीच्या या घरात कुणाची माय, कुणाची आजी. नवऱ्यानं, संतरामनं, पंचेचाळीस वर्षांच्या संसारात 'ऐकलं का' याच्यापुढे हाक नेली नाही, आणि तो भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला तसं तेही थांबलं. 'पार्वतीबाई' हे नाव रेशनच्या कार्डावर होतं आणि बँकेच्या पासबुकात होतं. ते वाचायचं नाव होतं, मारायची हाक नव्हती. आणि आज एक मिशाळ इंजिन तिला त्या नावानं, वर 'चला' असं मानानं, बोलावत होतं. तिच्या छातीत काहीतरी हललं. खूप दिवस लावून ठेवलेल्या खिडकीची फळी वाऱ्यानं हलते, तसं.

"आजी, तुझं नाव मीच टाकलं," नात राजनंदिनी म्हणाली. "चार जणं लागतात. हा वाफोबा आहे. सगळ्यायला नावानं बोलावतो."

वाफोबा तिला अगदीच परका नव्हता. वरच्या मजल्यावर रुद्रकडे, म्हणजे तिच्या धाकट्या जावेच्या नातवाकडे, या खेळाचे तीन भाग होते, आणि जिन्यातून त्याचं सूं-सूं, पोरांचं हसणं आणि शिट्टी वर्षभर खाली येत होती. पहिल्या भागात वाफोबा नुसता माणसं नेत होता, दुसऱ्यात रुसायला लागला, आणि तिसऱ्यात त्याला कान आले, असं राजनंदिनीनं तिला भाकरी करताना कधीतरी सांगितलं होतं. तो खेळ आज खाली आला त्याचं कारण साधं होतं. वरचा टीव्ही खोक्यात गेला होता. वरची भांडी, गाद्या, देव, सगळंच खोक्यात गेलं होतं. पुतण्याची, स्वप्निलची, नाशिकला बदली झाली होती, दारात ट्रक लागला होता, आणि उद्या सकाळी सहाला वरची माणसं निघणार होती. त्यात मिनाही होती. मिना म्हणजे तीच धाकटी जाऊ. तिच्याशी पार्वतीबाई नऊ वर्षं बोलली नव्हती.

बोलली नव्हती म्हणजे घरात शांतता होती असं मात्र कुणी समजू नये. उलट दोघी दिवसभर एकमेकींना काही ना काही सांगत होत्या, फक्त एकमेकींकडे बघून नाही. नळाला पाणी आलं की पार्वतीबाई जिन्याच्या कठड्याला सांगायची, की बाबा रे कठड्या, ज्याला भरायचं त्यानं भरून घ्यावं. मिना वरून मांजरीला सांगायची, की मने, कुणाच्या तरी गच्चीतल्या कुरडया भिजून राहिल्या. राजनंदिनी बोलायला शिकली ती निरोप सांगता सांगताच. तिला लहानपणी वाटायचं, सगळ्याच घरात दोन आज्या अशाच बोलतात, एक वरची आणि एक खालची. पुढे रुद्रही त्या कामाला लागला. एकीला ताप आला तर दुसरीचा काढा पोराच्या हातून जायचा, आणि तांब्या परत येताना त्यात मूठभर शेंगदाणे यायचे. असा अबोला हाडात मुरला की त्याची तकलीफ होत नाही, जुन्या चपलेसारखा तो पायाला बसतो. पण गेले आठ दिवस खोकी भरली जात होती आणि पार्वतीबाईला एकच गोष्ट रात्रंदिवस कुरतडत होती. उद्यानंतर निरोप न्यायला कोण? पोरं नाही, मांजर नाही, कठडा नाही. हिंगोलीहून नाशिकला फोन लावता येतो, पण फोनवर भिंत नसते. फोन उचलला की थेट बोलावं लागतं, आणि थेट बोलायचं असतं तर मग हे सगळं कशाला केलं होतं? म्हणजे जे काय व्हायचं ते उद्या सहाच्या आत. नाहीतर हे असंच, दोघींपैकी एकीच्या तिरडीपर्यंत. मग उरलेली कुणाला सांगणार, तिरडीच्या बांबूला?

पोरांनी जोड्या पाडल्या. नातवंडं एकीकडे, आज्या एकीकडे. पार्वतीबाई नाही म्हणायच्या आत जिन्यात बांगड्या वाजल्या आणि मिना खाली आली. बैठकीच्या खोलीत तिनं पाऊल ठेवलं त्याला किती वर्षं झाली याचा हिशेब दोघींनाही असणार, पण मिनानं आल्या आल्या टीव्हीला सांगितलं की वर बसायला सतरंजीसुद्धा राहिली नाही, म्हणून आले. टीव्हीनं ऐकून घेतलं. ती दिवाणाच्या त्या टोकाला टेकली, पार्वतीबाई या टोकाला, मध्ये तांदळाचं ताट. रुद्रनं दोघींच्या हातात एकेक पांढरी कांडी दिली आणि खेळ समजावला. वाफोबा फलाटावर येतो, नाव घेतो. नाव घेतलं की जागच्या जागी पळायचं, कांडी हलवायची. पळालात की चढलात. जोडीतली एकच चढली आणि दुसरी खाली राहिली, तर वाफोबा चढलेलीला विचारतो, थांबू का जाऊ? तिनं तोंडानं सांगायचं. बस.

"आन् न्हाई सांगितलं तर?" मिनानं रुद्रला विचारलं.

"मंग तो जातो," रुद्र म्हणाला. "तो कुणासाठी थांबत न्हाई. सांगितलं तरच थांबतो."

पार्वतीबाईनं कांडी हातात धरली, पण तिचं लक्ष हातात नव्हतं. खेळातला फलाट कुणी रंगवला कोण जाणे, त्यावर एक सिमेंटचं बाकडं होतं, एक नळ होता आणि लोखंडी खांबांची रांग होती. असे फलाट सगळ्या मुलखात असतील. तिच्यासाठी मात्र फलाट एकच होता. नऊ वर्षांपूर्वीचा, हिंगोलीचा, सकाळी साडेनऊचा. वसमतला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. नणंदेच्या लेकरांची थोरली मामी म्हणून बाळाला पाळण्यात घालायचा मान पार्वतीबाईचा होता, आणि त्या मानासाठी तिनं महिनाभर आधीपासून दुपटी शिवली होती, अंगडं-टोपडं केलं होतं. सगळ्याचं गाठोडं गाडीत बाकावर ठेवून ती मिनाशेजारी खिडकीपाशी बसलीही होती. तेवढ्यात कळमनुरीचे तिचे व्याही, लेकीचे सासरे रामजी, नणंदेसाठी पेरूंची पिशवी घेऊन फलाटावर धापा टाकत आले. व्याही दारात उभे आणि आपण खिडकीतून हात बाहेर काढून पिशवी घ्यायची, हे तिच्या रक्तात नव्हतं. ती उतरली. पदर घेतला, वाकली, पायाला हात लावला. वाकलेली असतानाच गाडी हलली. दार चार पावलांवर होतं. चारच. नंतर सगळ्यांनी तिला तेच सुनावलं, चार पावलं पळाली असतीस तर. पण चार पावलं पळायची म्हणजे निऱ्या वर धरायच्या, पदर सोडायचा, पोटऱ्या दाखवत, चपला वाजवत धावायचं, आणि ते व्याह्याच्या देखत. ती उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पेरू, आणि समोरून डबा सरकत गेला. खिडकीत मिनाचं तोंड होतं, उघडं, दात दिसत होते. हसत होती मिना. ते हसू पार्वतीबाईनं नऊ वर्षं जपलं, लोक देवाचा टाक जपतात तसं. संध्याकाळी मिना परत आली तेव्हा तिच्या कपाळाला हळद-कुंकवाचा मळवट होता, बाळाला पाळण्यात तिनं घातलं होतं, मान तिचा झाला होता. घुगऱ्यांचा डबा पुढे करून ती 'बाई' म्हणाली आणि पार्वतीबाई भिंतीकडे वळून बोलली, भिंती, सांग तिला, मला घुगऱ्या बाधतात.

"पार्वतीबाई. मिनाबाई. चला." वाफोबा आला. त्याच्या धुराड्यातून चित्रातला धूर निघाला आणि पार्वतीबाईच्या नाकात खराखुरा वास आला. कोळशाचा, ओल्या राखेचा, तापलेल्या तेलाचा. हे त्या नऊ वर्षांच्याही पलीकडचं होतं. छोटी लाईन होती तेव्हाचं, कोळशाच्या इंजिनाचं. मिना नवी नवरी होती, अजून हळद उतरली नव्हती, आणि दोघी जावा पूर्णेला देवाला चालल्या होत्या. खिडकीतून डोकं बाहेर काढू नको असं सासूनं बजावलं होतं म्हणूनच थोरलीनं डोकं बाहेर काढलं, आणि कोळशाचा कण डोळ्यात गेला. काय ती आग. तेव्हा या एवढ्याशा पोरीनं, जिच्याशी अजून नीट ओळखही नव्हती, पदराच्या टोकाची वात केली, थोरलीची हनुवटी एका हातानं धरली, पापणी उलटवली आणि कण अलगद टिपून घेतला. मग पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेनं गरम केला आणि डोळ्यावर धरून ठेवला. पूर्णा येईपर्यंत धरला. ती ऊब पार्वतीबाईला आत्ता, या क्षणी, डाव्या पापणीवर लागली. आणि ती पळायची विसरून उभीच राहिली. शिवाय दारात ट्रकवाला फुलसिंग येऊन टेकला होता. खाट खोलायची का अशीच न्यायची, हे विचारायला तो आला होता आणि खेळ बघत थांबला होता. परका गडी. पार्वतीबाईचा हात आपोआप पदराकडे गेला.

मिना मात्र पळाली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरत होते तरी दिवाणापुढे जागच्या जागी दणदण पळाली आणि पडद्यावरची तिची बाहुली चढली. पार्वतीबाईची बाहुली खाली राहिली, नळाशेजारी. गाडी हलली. आणि वाफोबानं डब्याकडे डोळे फिरवून विचारलं, "मिनाबाई, थांबू का जाऊ?"

पोरं पडद्याजवळ सरकली. खेळातलं घड्याळ टकटक करत होतं. पार्वतीबाईनं मान वळवून, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मिनाकडे सरळ पाहिलं. मिनाचं लक्ष पडद्यावर होतं. तिचं तोंड उघडलं, ओठ मागे गेले, दात दिसले, गालावर दोन खोल रेघा पडल्या, डोळे बारीक झाले. हेच ते तोंड. अगदी हेच. खिडकीतलं.

"थांब," मिना ओरडली. "थांब रे बाबा, माही जाऊ राह्यली. थांब, थांब."

इतकी जोरात, की फुलसिंग दारातून एक पाऊल मागे सरला. वाफोबानं ब्रेक लावले, ठिणग्या उडाल्या, शिट्टी झाली. पण पार्वतीबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती ते तोंड बघत होती. आवाज काढून घेतला आणि मध्ये खिडकीचे गज घातले, तर ते हसणं दिसत होतं. आवाजासकट ते किंचाळणं होतं. आणि त्या दिवशी आवाज कुठून ऐकू येणार? गाडीची शिट्टी, डब्यांची खडखड, कानावर घट्ट घेतलेला पदर. नऊ वर्षं. नऊ संक्रांतींचं वाण पोरांच्या हातून गेलं. एवढा मोठा डोंगर तिनं कशावर रचला होता, तर बाईच्या उघड्या तोंडावर. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक गोष्ट होती जिच्याकडे तिनं कधी वळून पाहिलं नव्हतं. गाडीनं तिला सोडलं नव्हतं, मिनानंही नव्हतं. ती स्वतःच उभी राहिली होती. चार पावलांचं ओझं तिनं उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि दुसरीनं ते नऊ वर्षं, कुरडया भिजून राहिल्या म्हणून मांजरीला सांगत, वाहिलं होतं. तिला वाटलं आता रडू येईल. पण आलं ते निराळंच काहीतरी, पायाच्या तळव्यातून वर येणारं, खाजेसारखं.

वाफोबा थांबला होता आणि फलाटावर उरलेल्या बाहुलीकडे बघत होता. "पार्वतीबाई, येताय ना?"

बोलावं तर लागणार होतं. पार्वतीबाईच्या जिभेला मात्र जुनंच वळण. ती इंजिनाला म्हणाली, की वाफोबा, तुझ्या डब्यातल्या बाईला विचार, तिचा गुडघा दुखत असताना इतकं पळायची काय गरज होती? वाफोबा क्षणभर घुटमळला आणि मानानं म्हणाला, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. मिनानंही त्यालाच सांगितलं, की बाबा, ज्यायला दुसऱ्याच्या गुडघ्याची फिकीर आहे त्यायनं आधी स्वतःचे हलवावे. वाफोबा पुन्हा म्हणाला, मला समजलं नाही. पोरं लोळायला लागली. राजनंदिनी डोळे पुसत म्हणाली की आजी, याला निरोप कळत नाही, याच्याशी सरळ बोलावं लागतं. नऊ वर्षांत भिंतीनं, मांजरीनं, कठड्यानं जे कधी म्हटलं नव्हतं, ते हे यंत्र दुसऱ्यांदा सुनावत होतं. घड्याळ पुन्हा टकटकायला लागलं.

पार्वतीबाईनं दाराकडे पाहिलं. फुलसिंग होता. भिंतीकडे पाहिलं. संतराम होता. मग तिनं पदर डोक्यावरून काढला, कमरेला गुंडाळून खोचला, निऱ्या एका हातात मुठीत धरल्या, आणि सत्तराव्या वर्षी, आपल्याच बैठकीत, परक्या गड्याच्या देखत, पळाली. आधी पाय जड उचलले गेले. मग कुठूनतरी सिद्धेश्वरच्या कालव्याकाठची पारी आली, पाण्यात ढेकळं फेकून पळणारी, आणि पाय तिचे झाले. जोडवी फरशीवर वाजत होती, ताटातले तांदूळ थडथड नाचत होते, पोटऱ्यांना वारा लागत होता. पोटऱ्यांना असा वारा कधी लागला होता तिला आठवेना. ती हसत होती हे तिला नंतर कळलं, आधी वाटलं कुणीतरी दुसरंच हसतंय. पडद्यावरची बाहुली कधीच चढली होती, वाफोबा अभिनंदन करत होता, रुद्र ओरडून सांगत होता की खालची आजी, झालं, बस कर, पण ती पळतच राहिली, एखादी लांबलचक गाडी थांबायला फलाट पुरू नये तशी. शेवटी दम संपला आणि ती दिवाणावर बसली. या टोकाला नाही. मध्येच, ताट सरकवून.

धाप ओसरेपर्यंत तिनं निऱ्या सारख्या केल्या. मग मान वर केली आणि जिच्याकडे बघायचं तिच्याकडे बघितलं.

"मिना, त्या दिवशी तू खिडकीतून वरडत व्हती का?"

राजनंदिनीनं रुद्रचा दंड धरला. मिना हातातल्या कांडीकडे बघायला लागली. पार्वतीबाईला वाटलं, आता ही कांडीलाच काहीतरी सांगेल.

"चार दिवस घसा बसला व्हता माहा, बाई," मिना म्हणाली. "बारशात पाळणा म्हणाया आवाज निघंना. साखळीबी वढाया गेले, तर एक मानूस तिच्यावर पिशव्या टांगून बसलेला." तिनं कांडी बाजूला ठेवली. "पन तुमी पळाल्या काहून न्हाई? आत्ता तर घोड्यावानी पळाल्या."

"व्याही उभे व्हते की गं."

"कोन, रामजी व्याही?" मिनानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं खुळ्याकडे बघतात. "त्यायच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू व्हता तवा. फलाटावर आले ते माह्यासमोर एका हमालाचा हात धरून. त्यायला खांब कोन्ता अन् बाई कोन्ती कळत न्हवतं."

पार्वतीबाईच्या डोळ्यांपुढे फलाट पुन्हा उभा राहिला, पण आता दुसऱ्याच बाजूनं. गाडी गेल्यावर व्याही बोलत होते, पेरू गोड आहेत, लेकरांना द्या म्हणत होते, हात जोडत होते, आणि तिला त्या वेळी वाटलं होतं की मोठी माणसं बायकांकडे रोखून बघत नाहीत, म्हणून ते थोडं बाजूला बघून बोलत आहेत. बाजूला नळ होता. ते नळाशी बोलत होते. तिनं पोटऱ्या झाकल्या होत्या त्या नळापासून. आधी तिच्या नाकातून एक फुसकारा निघाला, मग खांदे हलायला लागले, मग मिनाचे हलायला लागले, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून अशा हसल्या की कोण कुणाला सावरतंय ते कळेना. मधल्यामध्ये मिना डोळे पुसत म्हणाली की महिनाभर शिवलेलं ते टोपडं बाळाच्या डोक्यात गेलंच नाही, केवढंसं केलं होतं, लिंबाला बसलं असतं. पार्वतीबाईनं विचारलं की मग नऊ वर्षं ते सांगितलं का नाही? मिना म्हणाली, मांजरीला सांगितलं होतं, तिनं पोचवलं नाही.

वाफोबा पुढच्या फलाटावर येऊन ठेपला होता. पार्वतीबाई, मिनाबाई, चला, असं तो तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बोलावत होता. थांबू का जाऊ, असंही त्यानं विचारलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही, तेव्हा तो निघून गेला. दारातून फुलसिंगनं विचारलं, "मावशी, खाट खोलू का? उजेड हाय तवर भरून होईल."

"थांबा जरा," मिना त्याच्याकडे न बघताच म्हणाली. तिनं पाय वर घेऊन दिवाणावर मांडी घातली आणि थोरलीकडे तोंड केलं. "नऊ वर्साचं भांडान राह्यलंय आमचं. तेवढं करून घिऊ द्या."